साडूंच्या हातात रिमोट

प्रिय काका,

आम्ही सांगलीची नऊ-दहा हौशी मंडळी. मिरजेच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात दर रविवारी सकाळी रिमोटची विमानं उडवतो. क्लब म्हणायचं, बाकी एक पावतीपुस्तक आणि एक ताडपत्री एवढाच आमचा संसार. मी सेक्रेटरी, म्हणजे ताडपत्री माझ्या घरी असते. बघायला येणाऱ्यांच्या हातात आम्ही आजवर हौसेनं रिमोट द्यायचो. गेल्या महिन्यात एका सभासदाचे साडू पुण्याहून आले होते. सभासदानं चार महिने खपून बनवलेलं बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान वर नेलं आणि साडूंना म्हणाला, ‘घ्या, काही होत नाही.’ अर्ध्या मिनिटात विमान शेजारच्या द्राक्षबागेच्या मांडवात! बागवाल्याचे थोडे घड गेले. साडूंनी लाजेकाजेस्तव पाकीट काढलं, ‘किती झाले?’ आणि आमच्या माणसानं खरोखर सहा हजार घेतले. आता दोघी बहिणींचं बोलणं बंद आहे. क्लबात दोन तट पडलेत. जुने म्हणतात, पाहुणे बंद. तरुण म्हणतात, दोनशे रुपये तिकीट लावा, नुकसान त्यातून निघेल. मला दोन्ही पटत नाही आणि तिसरं सुचत नाही. काय करू?

— ताडपत्रीवाला, सांगली


सेक्रेटरीसाहेब,

पत्र वाचून आधी खूप हसलो आणि मग जरा ओशाळलो, कारण असलं एक प्रकरण माझ्याही खात्यावर जमा आहे. ते पुढे सांगतो. आधी सहा हजारांचा निकाल लावू. बाकीचे प्रश्न थांबतील, पण बहिणी-बहिणींचा अबोला जितका मुरेल तितका घट्ट होतो.

पैसे परत करायचे. सगळे, आणि याच आठवड्यात. सभासदानं स्वतः जाऊन द्यायचे, मोबाईलवरून पाठवून मोकळं व्हायचं नाही. साडू पुण्याचे असले तरी ‘अहो, राहू द्या’ म्हणतील. ते ऐकायचं नाही.

तुमच्या सभासदाला हे पटणार नाही, आणि त्याचं दुःख मला कळतं. चार महिने रात्री जागून बाल्साच्या काड्या चिकटवल्यात, बोटांवरचे फेविक्विकचे पापुद्रे अजून गेले नसतील. पण त्याला एवढंच विचारा की विमान वर असताना पायलट कोण होता? साडूंच्या हातात रिमोट होता, बस्स. कुठे वळायचं, किती उंचीवर राहायचं, कधी थांबायचं, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं आणि ते ठाऊक नाही हे तुमच्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. पहिल्यांदा रिमोट धरलेल्या माणसाच्या हातून विमान पडणारच. पडलं नसतं तर नवल.

काय झालं असेल ते न बघता सांगतो. साडूंनी रिमोटवरची काडी डावीकडे ढकलली. विमान छान कललं, वळलं. मंडळी ‘वा वा’ म्हणाली. वळता वळता नाक थोडं खाली गेलं आणि विमान साडूंच्याच दिशेनं यायला लागलं. आता इथे सगळी गंमत आहे. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर त्याचं डावं ते आपलं डावं. तोंड आपल्याकडे झालं की डाव्याचं उजवं होतं. साडूंनी सरळ करायला म्हणून काडी दाबली ती नेमकी उलट बाजूला. विमान आणखी कललं. घाबरून त्यांनी काडी पोटाशी ओढली, म्हणजे नाक वर येईल असं त्यांना वाटलं. पण पंख असे कललेले असताना ओढलं की गिरकी आणखी आवळते. ताशी 50 किलोमीटरनं जाणारं विमान सेकंदाला 14 मीटर कापतं. ‘आता काय करू हो?’ एवढं विचारायला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात 28 मीटर गेले, आणि पुढे द्राक्षाचा मांडव.

माझं प्रकरण असंच. नव्वदीच्या दशकातलं. तेव्हा आम्ही साताऱ्याच्या पूर्वेला, माहुलीच्या बाजूला उसाच्या रानांमधल्या एका मोकळ्या तुकड्यावर उडवायचो. इंजिन ग्लो प्लगचं, मिथेनॉल आणि एरंडेलावर चालणारं. घरी आलो की अंगाला एरंडेलाचा वास, आणि आमच्या मातोश्री ‘पोट साफ आहे ना?’ विचारायच्या. धाकटा मेहुणा सुट्टीला आला होता. मीही असाच ऐटीत म्हणालो, ‘धर, काही होत नाही.’ विमान कललं तसा मी ओरडलो, ‘दे इकडे!’ आणि रिमोट हिसकावला. तेव्हाच्या रिमोटला हातभर लांब एरियल असायची. ती मेहुण्याच्या चष्म्यात अडकली. चष्मा सोडवून काडीला हात घालेपर्यंत विमान उसात.

उभ्या आडसाली उसात विमान शोधणं म्हणजे काय ते तुम्हा सांगलीकरांना सांगायला नको. दोन दिवस सरी-सरी हिंडलो, हात-मान पानांनी कापून निघाली. मिळालं नाही. चार महिन्यांनी ऊसतोड आली तेव्हा निरोप आला. पंख कुजलेले, इंजिन गंजलेलं, आणि टोळीतल्या एका पोरानं पुढचं चाक काढून काठीला लावून गाडा केला होता. तो गाडा बघून मात्र बरं वाटलं, कुणीतरी तरी ते विमान नीट चालवत होतं.

मेहुण्याकडून मी पैसे घेतले नाहीत. पण पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात, पंगतीत तो किस्सा सांगून सव्याज वसूल केले. माणसं हसायची, तोही हसायचा. अलीकडे बोलता बोलता म्हणाला, ‘दाजी, मला खरं तर शिकायचं होतं तेव्हा. पण परत मैदानावर यायची लाज वाटली.’ तेव्हापासून तो किस्सा मी घरात सांगत नाही. इथे सांगतोय तो तुमच्या सभासदानं वाचावा म्हणून.

आता जुन्या मंडळींचं. पाहुणे बंद म्हणतात त्यांची भीती खोटी नाही. सव्वा किलोचं विमान ताशी 50 किलोमीटरनं येऊन आदळलं, तर त्याचा मार ताशी 140 किलोमीटरनं आलेल्या क्रिकेटच्या चेंडूएवढा असतो. दहा इंची प्रॉप, म्हणजे नाकावरचा पंखा, मिनिटाला आठ हजार फेरे मारतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी 380 किलोमीटरच्या घरात जातो. बोट मध्ये आलं तर टाके ठरलेले. पण म्हणून फाटक लावून घ्यायचं तर फाटक तुमच्याकडे आहे कुठे? रान एकाचं, वाट दुसऱ्याच्या बांधावरून, बाग तिसऱ्याची. तुम्ही तिथे आहात ते गावाच्या मर्जीनं. 2024 च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतात अशी आवई गावोगाव उठली होती, लोक काठ्या घेऊन गच्चीवर बसायचे, आठवतं ना? ज्या गावातल्या चार पोरांनी आणि दोन म्हाताऱ्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं एकदा विमान वळवून बघितलंय, त्या गावात तुमच्याबद्दल असली आवई टिकत नाही. ‘ती आपली विमानवाली हायत’ असं कुणीतरी पारावर बोलतं आणि विषय मिटतो. पाहुण्यांना उडवू देणं ही तुमच्या मैदानाची पत आहे. ती घालवू नका.

फक्त ‘घ्या, काही होत नाही’ हे वाक्य क्लबातून हद्दपार करा.

पाहुण्याला द्यायचं विमान कुणाचंही नसलं पाहिजे, म्हणजे क्लबाचं असलं पाहिजे. दहा जणांनी वर्गणी काढा, रिमोट सोडून पाच-सहा हजारांत होतं. ईपीपी नावाच्या लवचीक फोमचं घ्या किंवा बनवा, दीड मीटरच्या आत-बाहेर पंख, पंख वरच्या बाजूला आणि टोकांना किंचित वर उचललेले, म्हणजे काडी सोडली की ते आपलं आपण सरळ व्हायला बघतं. वजन दोन किलोच्या आत राहू द्या, कारण पुढे सांगतो. रंग मात्र नीट द्या: वरून पिवळं, खालून काळे पट्टे. पांढरं विमान सकाळच्या आभाळात पाहुण्याला दिसतच नाही, मग तो अंदाजानं काडी मारतो. असलं विमान तीनदा पडतं, तीनदा चिकटतं आणि चौथ्यांदा उडतं. त्याला नाव देऊ नका, नाव दिलं की जीव जडतो. (आमच्याकडच्या अशा विमानाला पोरं ‘सरकारी’ म्हणतात. कुणाचंच नाही या अर्थी.)

दुसरी गोष्ट म्हणजे बडी बॉक्स. तुमच्यातल्या दोघा-तिघांकडे नक्की असेल, वापरत नसाल. दोन रिमोट, एक तुमच्या हातात, एक पाहुण्याच्या. मध्ये ट्रेनर केबल, किंवा नवीन रिमोट असतील तर बिनतारी जोडणी. तुमच्या रिमोटवरचा स्प्रिंगचा स्विच दाबून धरलात तर पाहुण्याची काडी चालते, बोट उचललंत की त्याच क्षणी विमान तुमचं. हिसकावणं नाही, ओरडणं नाही, एरियल चष्म्यात जाणं नाही. पाहुण्याला तर कित्येकदा कळतही नाही की मधले चार सेकंद तुम्ही उडवलंत. बडी बॉक्स नसेल त्या रविवारी पाहुण्यानं चहा प्यावा आणि बघावं. इथे सूट नको.

दोन रिमोट वेगळ्या कंपन्यांचे असले की घोळ होतात, तेव्हा जमिनीवर आधी बघून घ्या. विमान एकानं धरायचं, प्रॉपच्या मागे उभं राहून. स्विच दाबून पाहुण्याच्या रिमोटवरून डावं-उजवं, वर-खाली हलवायचं आणि एलेरॉन (पंखांवरची पाती) आणि एलेव्हेटर (शेपटीवरची पाती) बरोबर दिशेला हलतात का ते डोळ्यांनी बघायचं. स्विच सोडताना-दाबताना पाती जागची हलली तर दोन रिमोटचे ट्रिम, म्हणजे काडी मध्ये असतानाची पात्यांची जागा, जुळलेले नाहीत. तसंच वर नेलंत तर हातात देताक्षणी विमान डुबकी मारेल आणि पाहुण्याला वाटेल आपणच काहीतरी केलं. थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, पाहुण्याला देऊच नका. बऱ्याच रिमोटमध्ये कुठला चॅनल द्यायचा, कुठला राखायचा हे ठरवता येतं. त्याला एकच काडी, उजवीकडची. तेवढ्यातच त्याची दिवाळी होते.

मग टेकऑफ तुम्ही करायचा. उंची घ्यायची ती दोन चुका पचतील इतकी, साधारण 80 मीटर, म्हणजे गावच्या पाण्याच्या टाकीच्या चौपट धरा. विमान सरळ, संथ, आपल्यापासून लांब जाणारं असलं की शांतपणे म्हणायचं, ‘आता तुमच्याकडे आहे.’ नवखा माणूस अंगठा असा दाबतो जसं ढेकूण मारतोय. त्याला सांगायचं, दुधावरची साय बोटानं बाजूला करता ना, तेवढंच. वळण दिलं की काडी मध्ये आणायची आणि वाट बघायची. विमान तोंडावर यायला लागलं की डावं-उजवं समजावत बसू नका, त्या घटकेला कुणाला समजत नाही. एवढंच सांगा: जो पंख खाली गेलाय, त्या बाजूला काडी न्या, पडक्या भिंतीला टेकू देतो तसं. कारण विमान समोरून येत असलं तरी हा हिशेब चुकत नाही. मी इंजिनिअरांना, शाळकरी पोरांना, एका किराणा दुकानदाराला हेच सांगितलंय आणि सगळ्यांत लवकर दुकानदाराला जमलं. तराजूची सवय, दुसरं काय!

तीन मिनिटं, एका माणसाला एवढंच. तीन सेलची 2200 एमएएचची बॅटरी आठ-दहा मिनिटं चालते, तळाला तिसरा हिस्सा शिल्लक ठेवून उतरायचं म्हटलं तर एका बॅटरीत दोन पाहुणे बसतात. चार बॅटऱ्या असतील तर सकाळी आठ माणसं. नववा आला तर पुढच्या रविवारी. लँडिंग नेहमी तुमचं. उतरल्यावर पाहुण्याशी हात मिळवायचा आणि त्यानं कुठलं वळण चांगलं घेतलं ते सांगायचं. खोटं नाही, एखादं तरी बरं असतंच.

शिकवायला कोण उभं राहणार हेही ठरवा. तुमच्यातला सगळ्यांत भारी उडवणारा नको. त्याला पाहुण्याचं वाकडं वळण बघवत नाही, तो सारखा स्विच सोडतो आणि शेवटी स्वतःच लूप, म्हणजे हवेतली कोलांटी, मारून दाखवतो. ज्याची जीभ शांत आहे तो निवडा. पाहुण्याच्या उजव्या खांद्यामागे अर्धं पाऊल उभं राहायचं, नजर विमानावर, आणि त्या तीन मिनिटांत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. बायकोचा फोन आला तरी.

लहान पोरांचं वेगळं. आठ वर्षांच्या आतल्यांना रिमोट जडच होतो. त्यांच्यासाठी थर्माकोलची हातानं फेकायची ग्लायडर ठेवा, नाकाला एक रुपयाचं नाणं चिकटवून तोल साधलेली. पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते तिसऱ्या हिश्शात बोटावर तोललं की झालं. मोठ्या पोरांना झाडाखाली लॅपटॉपवर सिम्युलेटर लावून द्या. तिथे पन्नास वेळा पाडू देत, आवाजापलीकडे खर्च नाही. तासाभरात त्यातलं एखादं पोर तुमच्यापेक्षा बरं उतरवायला लागेल, मनाची तयारी ठेवा.

वेळ तुम्हाला माहीतच आहे, तरी लिहितो. सांगलीकडे हिवाळ्यात सकाळी साडेनऊपर्यंत वारा पडलेला असतो, मग जमीन तापली की विमान पायरी चढल्यासारखं उडायला लागतं. उन्हाळ्यात त्याच्याही आधी आटपा. वावटळीनं ताडपत्री उडते तिथे फोमचं विमान काय टिकणार! साताऱ्याला आमचं याहून कठीण. डोंगराच्या आडोशाला वारा नसतो असं वाटतं, पण अजिंक्यताऱ्याच्या सावलीत तो वरून घरंगळून खाली येतो आणि चकवतो. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. पाहुण्यांसाठी सकाळी सूर्य पाठीशी येईल असं, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभं राहा. आणि तुमची द्राक्षबाग आहे ती बाजू विमानाला वर्ज्य. मैदानाच्या त्या कडेला दोन बांबूंना लाल फडकी बांधा, त्याच्या पलीकडे विमान गेलं की स्विचवरचं बोट उचललंच पाहिजे. बघ्यांना उडवणाऱ्याच्या मागे दहा-पंधरा पावलांवर दोरी लावून बसवा. ताडपत्री तिथे उपयोगी पडेल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण विचारतो. विमान मांडवात पडलं तेव्हा बॅटरी कुणी काढली? की सगळे साडूंच्या पाकिटाकडे बघत होते? लिथियमची बॅटरी आदळून चेपली तर लगेच काही दिसत नाही, पण दहा-पंधरा मिनिटांनीही ती फुगून पेट घेऊ शकते. खाली पाचट असेल तर बागेसकट आग. पडलेलं विमान सापडलं की आधी थ्रॉटल बंद असल्याची खात्री, मग बॅटरी काढायची आणि मोकळ्या मातीवर, सगळ्यांपासून लांब, अर्धा तास नजरेखाली ठेवायची. वाळूची एक बादली मैदानावर कायमची असू द्या.

आता दोनशे रुपयांचं तिकीट. तरुण मंडळींना वाटतं पैसे घेतले की कारभार रीतसर होतो. होतं उलटं. 25 ऑगस्ट 2021 पासून आपल्याकडे ड्रोन नियम लागू आहेत आणि तुमची विमानंही त्यातच मोडतात. मॉडेल म्हणून ज्यांना त्यात थोडी मोकळीक आहे, ती 25 किलोच्या आतली, नजरेच्या टप्प्यात उडवलेली आणि फक्त शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणूक यासाठी वापरलेली विमानं. 250 ग्रॅम ते दोन किलोमधल्या विमानाला रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण कधी, तर वापर धंद्यासाठी नसेल तेव्हा. दोन किलोच्या आत ठेवा म्हणालो ते म्हणूनच. तिकीट फाडलंत की ‘आमचा धंदा नाही’ हे कुठल्या तोंडानं सांगणार? थर्ड पार्टी विम्याची अटही नियमांत आहे, 250 ग्रॅमपर्यंतची नॅनो तेवढी सुटलीत. तो कागद एकदा बघून घ्या. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचं रान कुठल्या रंगात येतं ते बघा. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत, म्हणजे 120 मीटरपर्यंत मुभा आहे. चालू विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फूटच. कवलापूरच्या विमानतळाचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलंय, त्यामुळे सांगलीचा त्यातल्या त्यात चालू विमानतळ सध्या तुमचाच, असं गावकरी म्हणत असतील तर मजेनं ऐकून घ्या. नकाशा मात्र दर महिन्याला बघा, त्यातले रंग बदलतात. आणि जवळच्या पोलीस ठाण्यात एक साधं पत्र देऊन ठेवा, कोण, कुठे, किती वाजता. पोलीस पाटलांना तर उडवायलाच बोलवा.

कायदा बाजूला ठेवला तरी दोनशे रुपये दिलेला माणूस पाहुणा राहत नाही, गिऱ्हाईक होतो. वारा उठला, तुम्ही ‘आज बास’ म्हणालात, की तो म्हणणार, ‘माझे तीन मिनिटं राहिलेत.’ मग तुम्ही भीडेपोटी उडवणार आणि लाल फडक्यापलीकडे जाणार. पैसे नकोत. कुणी भडंगाचा पुडा आणला तर नाही म्हणू नका, सांगलीत तो पगारात धरतात.

तोडमोड झाली तर क्लब भरेल, हे पाहुण्याला रिमोट देण्याआधी सांगायचं, पडल्यावर नाही. वर्गणीतले महिन्याला शंभर-शंभर रुपये बाजूला टाका, वर्षात बारा हजार होतात. बागवाल्याचे घड त्यातून भरा. खरं तर आधी त्याच्याकडे जा. तो किती मागतोय त्यापेक्षा रविवारी येऊन उडवतो का ते विचारा. वर्षभर तुमच्या विमानांचा आवाज त्यानं ऐकलाय, तुम्ही त्याला एकदा तरी बोलावलंत का? अशा माणसाचा पहिला प्रश्न ‘केवढ्याला पडलं?’ आणि दुसरा ‘औषध मारता येतंय का ह्यानं?’ दोन्हींची उत्तरं द्या. नंतर बांधावर विमान पडलं तर तोच आणून देईल.

आणि साडू. पैसे द्यायला सभासद जाईल तेव्हा हातासरशी रविवारचं आवतण देऊन यावं. साडेसातला मैदानावर हजर राहा म्हणावं, पहिली बॅटरी तुमची, सरकारी विमानावर, बडी बॉक्सवर, आणि मागे तुमचा साडू उभा नसेल, दुसरा कुणी असेल. दोघी बहिणींनाही आणा. त्यांच्यातल्या एकीनं रिमोट धरला तर नवऱ्यापेक्षा बरं उडवेल, अशी माझी पैज.

येताना पुण्याहून काही आणू का, असं साडू विचारतील. त्यांना तेवढं करू द्या. बाल्साच्या शीट सांगा, 3 मिलिमीटरच्या, दहा-बारा. गर्दीत मोडतात, तेव्हा एसटीनं येणार असतील तर दोन पुठ्ठ्यांत घालून मांडीवर धरायला सांगा.